शिक्षा भोगून झाली, मग पुन्हा तुरुंग कसा?

घरच्यांच्या मराठी बातम्यांत 'पॅरोल' तुम्ही ऐकला असेल. महाराष्ट्रात ती अभिवचन रजा: कैदी काही दिवस घरी येतो आणि परत जातो. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग आत काढायचा, उरलेला बाहेर, देखरेखीखाली. पण फेडरल गुन्ह्यांपुरता तोही बंद झालाय. १ नोव्हेंबर १९८७ पासून घडलेल्या गुन्ह्यांना पॅरोल नाही.

असं का झालं? पूर्वी सारख्याच गुन्ह्याला वेगवेगळ्या कोर्टांत फार वेगळी शिक्षा व्हायची. ती कायद्याच्या कमाल मर्यादेत असली, की वरचं कोर्ट सहसा हात घालायचं नाही. १९८४ च्या सेंटेन्सिंग रिफॉर्म ॲक्टने हे बदललं. शिक्षेविरुद्ध अपिलाची वाट खुली झाली, आरोपीला आणि सरकारलाही. त्याच कायद्याने पॅरोल काढून 'सुपरवाइज्ड रिलीज' आणलं.

फरक नीट बघा. पॅरोलचा काळ शिक्षेतूनच वजा व्हायचा. सुपरवाइज्ड रिलीज शिक्षेच्या वर जोडलं जातं. पाच वर्षं तुरुंग, वर तीन वर्षं देखरेख. अट मोडली तर परत आत, आणि तेही साधारणपणे ज्युरीशिवाय. 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं न्यायाधीशाला पटलं की पुरे.

म्हणूनच इथे अपील महत्त्वाचं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कायद्यातलं एक कलम घटनाबाह्य ठरवलं. काही गुन्ह्यांसाठी ज्युरीशिवाय किमान पाच वर्षं पुन्हा तुरुंग, असं ते कलम होतं. २०२० च्या खटल्यात एकाला नव्या गुन्ह्याचे ६० महिने झाले, वर अट मोडल्याचे १२. वकिलाने कमी शिक्षा मागितली होती, पण शिक्षा सुनावल्यावर वेगळी हरकत घेतली नाही. अपील कोर्टाने तेवढ्यावर बोट ठेवलं. सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं, कमी शिक्षा मागितली हीच हरकत. २०२५ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं, की सुपरवाइज्ड रिलीज रद्द करताना मूळ गुन्ह्याचा बदला म्हणून पुन्हा तुरुंगात धाडता येणार नाही.

हे सगळं घडलं, कारण कुणीतरी वेळेत अपील केलं. फेडरल कोर्टात आरोपीला त्यासाठी निकाल नोंदल्यापासून १४ दिवस मिळतात. तुमच्या ओळखीत कुणावर अशी वेळ आली, तर आधी हा आकडा सांगा. बाकीचं वकील बघतील.