मातीची किटली: स्तुती नेमकी कशाची?

चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगच्या मातीच्या किटलीबद्दल तुम्ही ऐकलं असेल: ती चहा शोषून घेते, मुरते आणि पुढच्या चहाला चव देते. 'जुनी परंपराच आहे ही!' पण संशोधन करायचं तर इथे थांबा आणि विचारा, कधीची परंपरा?

१३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने चहाच्या वड्यांचा नजराणा बंद केला. सुट्या पानांचा चहा रुळला, तशी किटली महत्त्वाची झाली. १७व्या शतकात वन झनहंग याच मातीची शिफारस करतो, पण कारण काय देतो? ती सुगंध हिरावून घेत नाही. त्याच काळातला जोउ गाओची तर किटलीत वास राहिला की तो घालवायचा उपाय सांगतो: उकळतं पाणी भरा, ओतून टाका, लगेच गार पाण्यात बुडवा. रोज धुऊन-पुसून आलेली मंद चकाकी त्याला आवडते. तेलकट चकाकीला तो नावं ठेवतो.

म्हणजे या दोघांच्या लेखी चांगली किटली चवीत ढवळाढवळ करत नाही. आजचं कौतुक जवळजवळ उलट आहे. म्हणून टिपण काढताना 'स्तुती आहे' एवढंच लिहू नका; कशासाठी आहे, तेही लिहा. चव बदलते का, ते प्रयोगशाळेत तपासता येतं. तसं लोक कधीपासून म्हणतात, हे मात्र जुने ग्रंथच सांगतील.