घरगुती मोटारीत फटफटीचे मीटर

जर्मन अभियंता ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. त्याची मूळ रचना पुढची अनेक दशके टिकली. चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून आलेली केबल मीटरमधले लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावते, तिथला वेग काटा दाखवतो. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवरून, गरारीच्या दातांनी पुढे सरकतात. दुसऱ्याच वाहनाचे मीटर जोडताना होणारे बहुतेक घोटाळे या दुहेरी रचनेतून येतात.

असे जोडकाम रूढ झाले ते घरी मोटार बांधणाऱ्यांमध्ये. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदीकर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. १९५७ मध्ये आलेली ‘लोटस सेव्हन’ ही मोटार म्हणूनच संचाच्या रूपातही विकली जाई. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. महाराष्ट्रात असे संच मिळत नव्हते. इथे मोटार बांधायची ती भंगारातून किंवा पूर्णपणे स्वतःच्या आराखड्यावर. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना रस्त्यावर आणला आणि पुढे अनेक वर्षे तो सुधारत नेला. कारखान्यातून मात्र ती कधीच निघाली नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांची भंगारातून बांधलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. ती फटफटीसारखी किक मारून सुरू होई. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली.

अशा मोटारीला फटफटीचे मीटर सोयीचे पडते. ते आकाराने लहान असते, उघड्यावर पावसात राहण्यासाठीच बनवलेले असते आणि वेग व अंतर एकाच डबीत दाखवते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्यासारख्या बाजाराच्या गावातही फटफटीचे सुटे भाग सहज मिळतात. जुन्या राजदूतचे मीटर घेतले तर त्यातला दिवा ६ व्होल्टचा असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो लगेच उडतो. हे किरकोळ. खरी अडचण फेऱ्यांची.

स्मिथ्स कंपनीच्या ब्रिटिश धर्तीच्या मीटरवर एका मैलाला केबलचे किती फेरे लागतात तो आकडा तबकडीवरच छापलेला असे. १६०० हा नेहमीचा. जपानी पद्धतीत फटफटीच्या मीटरला किलोमीटरमागे साधारण १४०० फेरे लागतात, मोटारीच्या मीटरला ६३७. म्हणजे जपानी घडणीच्या मोटारीच्या गिअरबॉक्सची केबल फटफटीच्या मीटरला सरळ लावली, तर मोटार ताशी ६० किलोमीटरने धावत असताना काटा २७ वर रेंगाळतो. केबल उलटी फिरत असेल तर काटा शून्यावरून हलतच नाही.

पुढच्या चाकावर फटफटीचे हब-ड्राइव्ह, म्हणजे चाकाच्या फिरण्यावर केबल फिरवणारी गरारी, बसवले तर चूक उलट्या दिशेने होते. फटफटीच्या २.७५-१८ टायरचा घेर सुमारे १.८८ मीटर, तर मारुती ८०० च्या १४५/७० आर १२ टायरचा सुमारे १.६० मीटर. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरते, म्हणून खऱ्या ६० ला काटा ७० दाखवतो आणि १०० किलोमीटरच्या प्रवासात जवळपास १८ किलोमीटर फुकटचे वाढतात.

काटा दुरुस्त करता येतो: चुंबकाचा जोर कमी करून किंवा स्प्रिंगचा ताण बदलून. पण याने अंतराचे आकडे सुधारत नाहीत, आणि इथेच हौशी कारागीर फसतो. दोन्ही बरोबर हवे असतील तर केबलच्या मध्ये योग्य दातांची गरारीपेटी घालावी लागते. तपासणीला महागडे साधन लागत नाही. रस्त्यावर चालवायची मान्यता असलेल्या मोटारीसाठी दोंडाईचा–नंदुरबार रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि सेकंदकाटा पुरतो. काटा ६० वर स्थिर धरून एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद लागले की मीटर जुळले. एका दगडावर विसंबू नये, पाच-सहा दगडांची सरासरी घ्यावी.

चाकावरच्या संवेदकाकडून विद्युत स्पंद घेणारी मीटरे आल्यावर गरारीची गरज उरली नाही. ज्या मीटरमध्ये चाकाचा घेर भरण्याची सोय असते, त्यात तो मिलिमीटरमध्ये भरला की काम होते.

मीटर कितीही अचूक जुळले, तरी नोंदणीचा प्रश्न त्याने सुटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी झालेल्या वाहनातील मूलभूत फेरबदलांना मनाई करते. जुगाड वाहनांनाही हा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे मान्यता नसलेली घरगुती मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि तिच्या मीटरची तपासणीही खासगी जागेत, टेपने अंतर आखूनच करावी लागते.