निकालावर अनुदान : एका जुन्या मोजपट्टीचा इतिहास

शाळेची आणि शिक्षकाची गुणवत्ता मुलांच्या परीक्षेतील यशावरून ठरवण्याचा विचार आज आकडेशास्त्राच्या आधाराने मांडला जात असला, तरी त्याचा पहिला मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये १८६२ सालीच झाला होता. प्राथमिक शाळांतील असंख्य मुले वाचन, लेखन, गणितही धड न शिकता बाहेर पडतात, असे न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये नोंदवल्यावर शिक्षण खाते सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी 'सुधारित संहिता', म्हणजे सरकारी अनुदानाची नवी नियमावली, लागू केली. तिच्यानुसार सरासरी हजेरीवर दरडोई ४ शिलिंग आणि नियमित हजेरी असलेल्या, सहा वर्षांवरील मुलामागे परीक्षेचे ८ शिलिंग मिळत. मात्र तीनपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्या प्रत्येकाचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात.

निरीक्षक एकेका मुलाला पुढे बोलावून उतारा वाचायला लावी, शुद्धलेखन घाली, गणिते सोडवून घेई. आणि शिक्षकाचा पगार बहुधा याच अनुदानाशी बांधलेला असल्यामुळे ठरावीक पुस्तक मुलांकडून वर्षभर घोकून घेतले जाई, तर अनुदान न मिळवून देणारे इतिहास-भूगोल बाजूला पडत. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी व समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकपणावर आपल्या अहवालांतून कठोर टीका केली, आणि ती रास्तच होती, कारण या परीक्षेत मूल कुठून निघाले आणि कुठवर पोचले, याची नोंदच होत नव्हती.

मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. तिच्यातील मूळ दोष महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये, हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढील निवेदनात नेमका दाखवला : ज्या गरीब, अशिक्षित समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तेथे ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही; तेथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत. आयोगाने मागास भागांसाठी अपवादाची मुभा ठेवली, परंतु प्राथमिक शाळांसाठी निकाल हाच सर्वसाधारण आधार मानला. इंग्लंडने ही पद्धत १८९० नंतर टप्प्याटप्प्याने सोडली. हिंदुस्थान सरकारने तिच्याकडे पाठ फिरवली ती लॉर्ड कर्झन यांच्या काळात, १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने, आणि तेव्हा फुले यांच्या निधनाला तेरा वर्षे उलटून गेली होती.