मार्जारचिकित्सेचा उशीर

पशुवैद्यकाचा इतिहास म्हणजे पशूंवरील दयेचा इतिहास, अशी आपली सामान्य समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. तो बव्हंशीं धन्याच्या लाभहानीचा इतिहास आहे. ज्या जनावराच्या मरणानें सैन्य लंगडें होई किंवा शेत पडीक राही, त्याच्याजवळ वैद्य प्रथम जाऊन बसला. ज्याच्या मरणानें केवळ चुलीजवळची एक जागा रिकामी होई, त्याच्याकडे तो सर्वांत शेवटीं वळला. या रांगेंत मांजराचा क्रम अगदीं अखेरचा लागला, आणि त्या उशिराचे परिणाम आजहि आपल्या घरांतून दिसून येतात.

इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकांत अशोकानें आपल्या दुसऱ्या शिलालेखांत मनुष्यांच्या व पशूंच्या अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचें कोरून ठेविलें. हा लेख आपल्या देशास भूषणावह आहे यांत शंका नाहीं. परंतु पुढील ग्रंथसंपत्ति पाहतां शालिहोत्राच्या नांवानें चालत आलेलें शास्त्र घोड्यांचें, आणि पालकाप्याच्या नांवावरील हस्त्यायुर्वेद हत्तींचा. मांजराची गांठ पडते ती प्रायश्चित्तप्रकरणांत! मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत मांजर व मुंगूस यांच्या हत्येस प्रायश्चित्त सांगितलें आहे. आणि मांजर मारणारानें काशीस सोन्याचें मांजर दान करावें, ही समजूत आपल्याकडे आजीबाईंच्या तोंडून अनेकांनीं ऐकिली असेल. सारांश, मांजराला मारूं नये हें परंपरेनें निक्षून सांगितलें. तें दुखणाईत झाल्यास काय करावें, हा प्रश्न तिनें घरच्या मंडळींवर सोडून दिला.

अर्वाचीन काळींहि ओघ तोच राहिला. फ्रान्सांत लियों शहरीं १७६२ सालीं जी पहिली पशुवैद्यकशाळा उघडली, तिच्यामागें घोड्यांची निगा व गुरांच्या सांथी हीं कारणें होतीं. मुंबईंत १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था निघाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवानें परळ येथें पशुरुग्णालय झालें. आणि १८८६ सालीं तेथेंच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. १८८९ सालीं पुण्यास जी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ सालीं मुक्तेश्वरास हलली, तिच्या डोळ्यांपुढें मुख्यतः गुरांचे रोग होते. त्यांतील बुळकांडी हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याची घोषणा २०११ सालीं झाली. हें यश केवढें मोठें आहे, हें ज्याच्या दावणीला बैल आहे त्यास सांगावयास नको.

या साऱ्या खटाटोपांत मांजराचें नांव एकदां मोठ्या आदरानें निघालें, तें मात्र वऱ्हाडांत. प्लेगच्या दिवसांत अमरावती येथें असलेले डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनीं, ज्या खेड्यांत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें प्रतिपादन १९०८ च्या सुमारास केलें. मांजर उंदीर खातें, म्हणून तें पाळावें, हा त्यांचा मथितार्थ. मांजरालाहि प्लेग होऊं शकतो, हें आज ठाऊक आहे. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, येथेंहि मांजर औषध म्हणून पुढें आलें, रोगी म्हणून नव्हे.

रोगी म्हणून त्याचा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खऱ्या अर्थानें वाढीस लागला. न्यूयॉर्कचे डॉक्टर लुई कमूटी यांनीं आपला सारा व्यवसाय मांजरांनाच वाहिला, आणि ते रोग्याच्या घरीं जाऊन त्यास तपाशीत. वृद्ध मांजरांत कंठग्रंथीचा अतिरेक होतो, तें भरपूर खातें आणि तरीहि वाळत जातें, हें १९७९ च्या सुमारास नीट वर्णिलें गेलें. तत्पूर्वी असें किती जीव केवळ ‘म्हातारपण’ या एका शब्दाखालीं गेले असतील! २०१९ सालीं तर माँट्रियल येथील संशोधकांनीं कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा व डोक्याची ठेवण यांवरून मांजराची वेदना ओळखण्याचें मापच तयार केलें.

आतां हें ज्ञान चकलांब्यासारख्या गांवीं कसें पोंचावें? गेवराई तालुक्यांतील हें गांव १९४८ पर्यंत निजामच्या राज्यांत होतें. मराठवाड्यांत परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय झालें तें १९७२ सालीं. खेड्यांतील पशुवैद्याचा दिवस गाई, बैल, शेळ्या यांतच सरतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. बीड जिल्ह्यांतील कितीएक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. मागें म्हातारीं माणसें राहतात आणि त्यांच्या सोबतीस म्हातारें मांजर. त्या मांजरास वैद्याकडे केव्हां न्यावें, हें शेवटीं त्या ओसरीवरच ठरावयाचें असतें.

‘मांजर आपलें आपण बरें होतें, नाहींतर मरावयास निघून जातें,’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. तें निघून जात नाहीं, तें लपतें. आणि दुखणें लपविणें हा त्याचा उपजत स्वभाव आहे. म्हणून दहा वर्षांवरील मांजराकडे डोळे उघडे ठेवून पाहावें. तें पूर्वीपेक्षां पाणी अधिक पितें काय, पाठीचा कणा हाताला लागतो काय, अंग चाटून स्वच्छ ठेवण्याचें त्यानें सोडलें काय, नेहमींच्या कट्ट्यावर उडी घेण्यापूर्वी तें थबकतें काय? महिन्यांतून एकदां त्यास दुरडींत बसवून वजन करावें. चार किलोच्या मांजराचें वजन चारशें ग्रॅमांनीं घटणें म्हणजे दशांश देह जाणें होय. अशीं लक्षणें दिसल्यास आठवड्याभरांत सल्ला घ्यावा. दोन दिवस अन्न सोडल्यास तितकीहि वाट पाहूं नये. तोंड उघडें टाकून श्वास चालणें, बोक्यास लघवीसाठीं कुंथूनहि थेंब न येणें, मागचे पाय एकाएकीं लुळे पडणें, यांत तासांचा हिशेब असतो. आणि माणसाची तापाची गोळी, विशेषतः पॅरासिटामॉल, कधींहि देऊं नये. मांजरास ती विष आहे.

‘पण त्याला नेणें म्हणजेच त्याचे हाल!’ ही अडचण खोटी नव्हे. वैद्याच्या दारांत अंग फुलवून ओरबाडणारें मांजर पाहून भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यावर उपाय आहेत. झांकणाची टोपली आठवडाभर अगोदर घरांत उघडी ठेवावी, तींत त्याचें जुनें फडकें घालावें, म्हणजे तें आपण होऊन तींत निजूं लागेल. वैद्यास प्रथम दूरध्वनीनें लक्षणें सांगावीं, शक्य तर त्यासच घरीं बोलवावें. भीति कमी करणारें औषध आधीं देतां येतें, तेंहि त्यालाच विचारावें. उपचारानें आयुष्य वाढणार नसेल, तर निदान वेदना कमी करतां येतील काय, एवढें विचारण्यासाठींहि एक खेप सार्थकीं लागते.

मांजराच्या घटकाभराच्या भयाची आणि त्याच्या महिनोन्‌महिन्यांच्या मूक वेदनेची तुलना करूनच हा निर्णय घ्यावयाचा असतो. भय आपल्या डोळ्यांना दिसतें, वेदना दिसत नाहीं; म्हणून तराजू नेहमीं एकाच बाजूस झुकतो. तो सरळ धरणें हेंच घरच्या माणसाचें काम. अशोकाच्या लेखांत पशुचिकित्सेची व्यवस्था लिहितांना कोणाचा उपयोग किती, असें मोजलेलें नाहीं. दोन हजारांहून अधिक वर्षांनीं ती व्यवस्था चुलीजवळच्या जिवापर्यंत पोंचावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.