प्रसारण पत्रकारांचे प्रशिक्षण व अभ्यासक्रम-मान्यता (युनायटेड किंग्डम)

रेडिओ, दूरचित्रवाणी आणि त्यांच्याशी संलग्न डिजिटल माध्यमांत वार्ताहर, निर्माता किंवा वृत्तनिवेदक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांच्या शिक्षणाचे किमान निकष ठरवणे आणि ते पाळणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देणे, या व्यवस्थेस प्रसारण पत्रकारितेतील अभ्यासक्रम-मान्यता असे म्हणतात. युनायटेड किंग्डममध्ये हे काम प्रामुख्याने ब्रॉडकास्ट जर्नलिझम ट्रेनिंग काउन्सिल (बीजेटीसी) या संस्थेने अनेक दशके केले आहे. नॅशनल काउन्सिल फॉर द ट्रेनिंग ऑफ जर्नालिस्ट्स (एनसीटीजे) ही मूळची वृत्तपत्रसृष्टीतील संस्थाही प्रसारणविषयक अभ्यासक्रमांना मान्यता देते. ही मान्यता अभ्यासक्रमाला मिळते, व्यक्तीला नव्हे. डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणे पत्रकाराला व्यवसायाचा परवाना घ्यावा लागत नाही.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधील वृत्तपत्रांच्या पत्रकारांसाठी एनसीटीजेची स्थापना १९५१ मध्ये झाली. त्या काळी प्रसारणाचे क्षेत्र लहान होते आणि बीबीसी आपल्या माणसांना स्वतःच प्रशिक्षण देत असे. ८ नोव्हेंबर १९६७ रोजी लेस्टर येथे बीबीसीचे पहिले स्थानिक रेडिओ केंद्र सुरू झाले. ८ ऑक्टोबर १९७३ रोजी लंडनमध्ये एलबीसी हे पहिले अधिकृत खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांची संख्या वाढू लागल्यावर बातमी शोधणारे, ध्वनिमुद्रित करणारे, संपादित करणारे आणि स्वतः वाचणारे पत्रकार मोठ्या संख्येने लागू लागले. छोट्या केंद्रांना त्यांना शिकवण्याइतका वेळ व पैसा नव्हता.

याच सुमारास पत्रकारितेचे शिक्षण विद्यापीठांत आले. 'पिक्चर पोस्ट' या साप्ताहिकाचे माजी संपादक टॉम हॉपकिन्सन यांनी १९७० मध्ये कार्डिफ येथे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. लंडनच्या सिटी विद्यापीठात १९७६ मध्ये असे शिक्षण सुरू झाले. कोणता अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामास उपयोगी आहे, हे ठरवण्यासाठी प्रसारण संस्था, पत्रकार संघटना व शिक्षक यांची संयुक्त सल्लागार समिती स्थापन झाली. पुढे तिचेच रूपांतर बीजेटीसीत झाले. बीबीसी, आयटीव्ही, आयटीएन व स्काय न्यूज या प्रसारण संस्था आणि नॅशनल युनियन ऑफ जर्नालिस्ट्स ही कामगार संघटना तिच्याशी संबंधित राहिल्या आहेत.

मान्यतेची पद्धत

मान्यता हवी असलेली शिक्षणसंस्था आपणहून अर्ज करते. त्यानंतर कार्यरत पत्रकार व अध्यापक यांचे मंडळ तेथे भेट देते. वृत्तकक्ष, स्टुडिओ व संपादनाची सामग्री, अध्यापकांचा प्रत्यक्ष वृत्तकक्षातील अनुभव आणि विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या बातम्या यांची पाहणी होते. विद्यार्थ्यांशीही मंडळ बोलते. मान्यता ठरावीक मुदतीपुरती असते व मुदतीनंतर फेरतपासणी होते. शासन ती देत नसल्यामुळे, नोकरी देणाऱ्या संपादकांचा जितका विश्वास असेल, तितकेच तिचे मोल असते.

प्रशिक्षणाचे निकष

'वृत्तदिन' हा या प्रशिक्षणाचा गाभा होय. त्या दिवशी वर्गाचे रूपांतर वृत्तकक्षात होते. विद्यार्थी सकाळच्या बैठकीत विषय ठरवतात, बाहेर जाऊन बातमी आणतात आणि जाहीर केलेल्या वेळेवर वार्तापत्र सादर करतात. वेळ चुकल्यास बातमी वगळली जाते. याखेरीज प्रत्यक्ष प्रसारण संस्थेत अनुभव घेणे आवश्यक मानले जाते. बीजेटीसीने त्यासाठी किमान १५ दिवसांची अट ठेवली आहे.

सैद्धान्तिक भागात माध्यमविषयक कायदा, नीतितत्त्वे, नियमन आणि शासनव्यवस्था हे विषय येतात. अब्रुनुकसानी आणि १९८१ चा न्यायालय-अवमान कायदा यांवर विशेष भर असतो. वृत्तपत्रातील चूक छपाईपूर्वी दुसऱ्याच्या नजरेस पडू शकते. थेट प्रसारणात उच्चारलेले वाक्य मागे घेता येत नाही. त्यामुळे काय बोलू नये, हे वार्ताहराला क्षणात कळले पाहिजे. प्रसारण संस्थांना ऑफकॉम या नियामकाच्या संहितेनुसार बातम्यांत यथोचित अचूकता व निःपक्षपातीपणा राखावा लागतो. तसे बंधन ब्रिटिश वृत्तपत्रांवर नाही. परवाना मात्र वाहिनीला असतो, तिच्या वार्ताहराला नव्हे.

वृत्तपत्रीय परंपरेतील लघुलेखनाचे महत्त्वही सर्वस्वी संपलेले नाही. एनसीटीजेची मिनिटाला १०० शब्दांची परीक्षा प्रसिद्ध आहे. इंग्लंड व वेल्समधील न्यायालयांत छायाचित्रणास १९२५ च्या कायद्याने मनाई आहे, तर ध्वनिमुद्रणास १९८१ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज २००९ पासून चित्रित होते आणि क्राउन न्यायालयांतील न्यायाधीशांचे शिक्षा सुनावतानाचे निवेदन २०२२ पासून दाखवता येऊ लागले. तरीही साक्षीपुराव्याची नोंद घेण्यासाठी पत्रकाराला लघुलेखन उपयोगी पडते.

हटन चौकशी आणि तिचे परिणाम

अनुभवी पत्रकारांनाही प्रशिक्षणाची गरज असते, हे २००३-०४ मधील घटनांनी दाखवून दिले. २९ मे २००३ रोजी बीबीसी रेडिओच्या 'टुडे' कार्यक्रमात, सूत्रसंचालक व वार्ताहर यांच्यातील थेट संवादातून, इराकविषयक सरकारी दस्तऐवजासंबंधी गंभीर आरोप प्रसारित झाला. जानेवारी २००४ मधील हटन अहवालाने बीबीसीच्या संपादकीय व्यवस्थेवर टीका केली. त्यानंतर अध्यक्ष गॅव्हिन डेव्हिस आणि महासंचालक ग्रेग डाइक यांनी राजीनामे दिले. रॉन नील यांच्या समितीने त्याच वर्षी अचूक टिपणे ठेवणे, गंभीर आरोपाची बातमी शक्यतो थेट संवादातून प्रथम न देणे आणि पत्रकारांना सातत्याने प्रशिक्षण देणे, अशा शिफारशी केल्या. बीबीसीचे पत्रकारिता महाविद्यालय त्यातूनच उभे राहिले.

टीका

मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क आणि विनावेतन अनुभवकाळ यांमुळे सामान्य कुटुंबांतील तरुणांसाठी या व्यवसायाची वाट अरुंद होते, असा आक्षेप घेतला जातो. ॲलन मिलबर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये पत्रकारितेची गणना सामाजिकदृष्ट्या सर्वाधिक बंदिस्त व्यवसायांत केली. या दृष्टीने एनसीटीजेने २००५ मध्ये विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य देणारा निधी सुरू केला होता. पुढे शिकाऊ उमेदवारीचा सवेतन मार्गही उपलब्ध झाला. निकष सैल केल्यास चुकांचा धोका वाढतो आणि खर्चिक केल्यास वृत्तकक्षात एकाच सामाजिक थराचे लोक उरतात, हा पेच मात्र कायम आहे.

भारतातील स्थिती

भारतात केवळ प्रसारण पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी, प्रसारण संस्थांच्या सहभागाने चालणारी अशी परिषद नाही. नवी दिल्लीतील भारतीय जनसंचार संस्था (स्थापना १९६५), पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठ विभाग आणि अनेक महाविद्यालये आपापले अभ्यासक्रम राबवतात. भारतीय पत्रकार परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी २०१३ मध्ये पत्रकारांसाठी किमान पात्रता सुचवण्यास समिती नेमली. त्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने टीका झाली आणि तशी पात्रता कायद्याने सक्तीची झाली नाही. शिवाय या परिषदेचे अधिकारक्षेत्र मुद्रित माध्यमांपुरते आहे.

महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातर्फे पत्रकारांना मिळणारी 'अधिस्वीकृती' ही वेगळी बाब होय. ती कार्यरत पत्रकाराची शासनदरबारी असलेली ओळख असते. तिच्यावरून धारकाने कोणते प्रशिक्षण घेतले, हे ठरत नाही.