बाळाचं दूध आणि आईचा वेळ: गिरणगाव ते अबु धाबी



पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग जोडीला नाचणीची खीर, मऊ वरणभात, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही चालू. जागतिक आरोग्य संघटनेचा हा सल्ला आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दोन वर्षांचा उल्लेख तर कुराणातही आहे. पण नोकरी करणाऱ्या आईला त्यासाठी वेळ कोण देणार? हा प्रश्न आयटीवाल्यांच्या आधी गिरणीवाल्यांना पडला होता.

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका कामाला होत्या. बाळंतपणासाठी घरी बसलं की मजुरी बंद, म्हणून लवकर कामावर परतावं लागे. दिवसभर बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देत. बाळ शांत राही, पण भूक लागल्याचंही सांगत नसे.

ना. म. जोशींनी (परळचा ना. म. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा) १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक मांडलं, ते संमत झालं नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, या विषयावरचा भारतातला पहिला. पुढे १९६१ च्या देशव्यापी कायद्याने १२ आठवडे रजा दिली आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन सुट्ट्या. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली.

दुसरी बाजू डब्याची. वेळ नसला की डबा येतो, आणि कंपन्यांना हे बरोबर कळतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्यांच्या जाहिरातींसाठी आचारसंहिता मंजूर केली. विरोधात एकच मत पडलं, अमेरिकेचं. स्तनपानासाठी काम करणारी 'बीपीएनआय' ही संस्था १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात स्थापन झाली, आणि १९९२ मध्ये भारतात कायदा आला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं आणि आईचं दूधच उत्तम असं छापलेलं असतं, ते या कायद्यामुळे. कंपनीचा मोठेपणा नव्हे! अर्थात, ज्या आईला दूध कमी येतं तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा वापरला तर त्यात अपराध काहीच नाही. कायदा विक्रेत्यांसाठी आहे, आईला टोमणे मारण्यासाठी नाही.

आता आपल्या इकडे. यूएईच्या १९८० च्या कामगार कायद्यात बाळंतपणानंतर १८ महिने दूध पाजायला रोज अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या होत्या. २०२१ च्या नव्या कायद्याने खासगी नोकरीतली रजा ६० दिवस केली (४५ पूर्ण पगारी, १५ अर्ध्या पगारी), पण रोजची एक तासाची सवलत बाळंतपणापासून सहाच महिने ठेवली. म्हणजे वरचं खाणं सुरू होतं, नेमकी तेव्हाच ती संपते. मोहम्मद बिन झायद सिटीतून शहरातल्या ऑफिसला जाऊन यायलाच तासभर जातो. आजी व्हिजिट व्हिसावर आलेली, तीही परत गेलेली असते.

तेव्हा मंडळी, रजेचा अर्ज देतानाच या तासाचं लेखी ठरवून घ्या, जमल्यास तो संध्याकाळी लवकर निघण्यासाठी मागा. आणि बाबालोकहो, रात्रीची पाळी आणि नाचणीची खीर आपल्याकडे. सहा महिन्यांनंतर तर जास्तच.

तुमच्या ऑफिसात हे कसं जमवलं, जरूर लिहा.