शवपेटीमागून चाललेली चळवळ

१८६१च्या जानेवारीत टेरेन्स बेल्यू मॅकमॅनस सॅन फ्रान्सिस्कोत वारले. १८४८च्या फसलेल्या आयरिश उठावात त्यांना जन्मठेप होऊन टास्मानियात पाठवले होते. तिथून निसटून ते अमेरिकेत आले आणि तिथेच राहिले. मायभूमी पुन्हा दिसली नाही. पण त्यांचे शव मात्र न्यूयॉर्कमार्गे आयर्लंडला गेले आणि १० नोव्हेंबरला डब्लिनच्या ग्लासनेव्हिन स्मशानभूमीत पुरले गेले.

हे घडवले फिनियनांनी. १७ मार्च १८५८ रोजी, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, जेम्स स्टीफन्स यांनी डब्लिनमध्ये एक शपथबद्ध गुप्त संघटना उभारली. तीच पुढे आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड झाली. अमेरिकेतली शाखा जॉन ओ'माहोनी यांची. ते गेलिक भाषेचे पंडित, म्हणून नाव पुराणकथेतून आले: फिन मॅककूलचे योद्धे म्हणजे फियाना, त्यावरून फिनियन. बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांवर माणसे मेली आणि त्याहून जास्त देशोधडीला लागली, त्याला तेव्हा अजून दहा वर्षेही झाली नव्हती.

आर्चबिशप पॉल कलन यांनी मॅकमॅनस यांचे शव कॅथीड्रलमध्ये ठेवू दिले नाही. मग ते मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये ठेवले गेले आणि अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. शपथेने तोंड शिवलेल्या संघटनेला भर रस्त्यात आपले बळ दाखवता आले ते असे, एका शब्दाचीही घोषणा न करता.

शस्त्रांनी त्यांना यश दिले नाही. मार्च १८६७चा उठाव खबऱ्यांनी आधीच फोडला होता, तो दोन-चार दिवसांत विझला. त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये कैद्यांची गाडी फोडून दोन नेत्यांना सोडवताना एक पोलीस सार्जंट ठार झाला. त्याबद्दल २३ नोव्हेंबरला अ‍ॅलन, लार्किन आणि ओ'ब्रायन हे तीन फिनियन फासावर गेले. त्यांची प्रेते सरकारने तुरुंगातच पुरली. तेव्हा आयर्लंडमधल्या गावोगावच्या लोकांनी रिकाम्या शवपेट्यांच्या यात्रा काढल्या. माझ्या मते फिनियनांचा खरा विजय हाच: प्रेत हाती नसतानाही मिरवणूक निघू शकली.

मग आणखी एक फिनियन, ओ'डोनोव्हन रोसा. इंग्रजांच्या तुरुंगात ३५ दिवस त्यांचे हात पाठीमागे बेड्यांत ठेवले होते. १८७१ मध्ये सुटून ते अमेरिकेत गेले आणि १९१५च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. पंधरा वर्षे कैद भोगलेले फिनियन टॉम क्लार्क यांनी तार पाठवून शव मागवून घेतले. १ ऑगस्टला त्याच ग्लासनेव्हिनमध्ये, थडग्याजवळ, पॅट्रिक पिअर्स बोलले. नऊ महिन्यांनी, १९१६च्या ईस्टरमध्ये, डब्लिनच्या पोस्ट ऑफिसवर प्रजासत्ताकाचा झेंडा चढला.

हा उठाव मोडल्यावर, ३ मे १९१६ रोजी, त्याचे पुढारी पिअर्स आणि क्लार्क या दोघांना किल्मेनहॅम तुरुंगात गोळ्या घातल्या. थडग्यांची तीर्थस्थाने होतील या धास्तीने ब्रिटिश जनरल मॅक्सवेल यांनी प्रेते घरच्यांना दिली नाहीत. डब्लिनच्या आर्बर हिल तुरुंगाच्या आवारात, कळीच्या चुन्यात, पुरून टाकली. आज आर्बर हिलची ती दफनभूमी आयर्लंडचे राष्ट्रीय स्मारक आहे.